वीस भाग, अठरा लाख: इंदूरमधल्या एका शैक्षणिक मालिकेचे प्रकरण

इंदूरमधले एक अनुदानित विज्ञान महाविद्यालय. संस्था जुनी, मराठी मंडळींनी उभी केलेली. शिक्षक घरी मराठी आणि वर्गात हिंदी बोलणारे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘माती आणि कंपोस्ट’ या विषयावर प्रत्येकी 28 मिनिटांच्या 20 भागांची दूरचित्रवाणी मालिका करायची आहे, हिंदीत आणि मराठीत. अनुदान अठरा लाखांचे. प्रकरण नमुन्याचे आहे: हे महाविद्यालय म्हणजे शहरातले अमुक एक नव्हे, आणि रुपयांचे व तासांचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. इतिहास, कायदा आणि तंत्र यांत धरलेले काही नाही.

विषय इंदूरचाच आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि 1931 पर्यंतच्या कामातून कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. स्थानिक महाविद्यालयाने हा विषय घेणे रास्तच. प्रश्न उभा राहतो तो अठरा लाख कुठे लावायचे येथे.

पहिला मसुदा आणि त्यातली चूक

प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात नऊ लाख यंत्रसामग्रीला होते: दोन कॅमेरे, दिवे, हिरवा पडदा, टेलिप्रॉम्प्टर, संपादनाचा संगणक. तीन लाख खोलीच्या सजावटीला, चार लाख चित्रीकरणाला. शिक्षकांच्या मानधनाला उरले दोन लाख, आणि त्यातच संहिताही धरलेली. असा मसुदा तयार होतो याला कारण आहे. कॅमेरा हा अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा खर्च, त्याचे बिल मिळते, साठा नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, तपासणीला आलेल्या माणसाला तो दाखवता येतो. लेखापालांचा प्रश्न खराच असतो: “सर, कॅमेरा अनावर्तीत बसतो. संहिता लिहायचे तास मी कुठे बसवू?”

कामाचे तास मांडले की मसुद्याची चूक उघडी पडते. एका भागाला संहिता लिहून सुधारायला 30 तास, तज्ज्ञांच्या परीक्षणाला 6, आकृत्या आणि नकाशांना 14, स्टुडिओत 3, संपादनाला 16, मराठी ध्वनीला 8, शेवटच्या तपासणीला 2. बेरीज 79. वीस भागांचे 1580 तास होतात आणि त्यांतले स्टुडिओचे फक्त 60. साठ तासांसाठी अर्ध्याहून अधिक पैसा अडकवून उरलेल्या दीड हजार तासांसाठी शिक्षकांच्या उत्साहावर विसंबायचे, हा त्या मसुद्याचा खरा अर्थ. उत्साह असतोच, पण चौथ्या-पाचव्या भागापर्यंत परीक्षा, प्रवेश आणि मूल्यांकन येते. मग संहिता मागे पडते, स्टुडिओची तारीख मात्र ठरलेली असते, आणि शिक्षक वर्गातले टिपण घेऊन कॅमेऱ्यासमोर बसतात.

सुधारित वाटप असे. संहितेला प्रत्येक भागामागे 15,000, म्हणजे तीन लाख. परीक्षणाला एक लाख: प्रत्येक भागाला दोन परीक्षक, दोघांना अडीच-अडीच हजार. आकृत्यांना 2,80,000. बाहेरच्या चित्रीकरणाचे आठ दिवस 1,44,000. भाड्याच्या स्टुडिओचे दहा दिवस दोन लाख, दिवसाला दोन भाग या हिशेबाने. संपादनाला 2,40,000, मराठी ध्वनीला 1,50,000, उपशीर्षकांना साठ हजार, हक्क शुल्काला चाळीस हजार. विकत घ्यायचे ते फक्त मायक्रोफोन, रेकॉर्डर आणि हार्ड डिस्क: 1,20,000. उरलेले 1,66,000 फेरचित्रीकरणासाठी राखून ठेवलेले. हे राखीव पैसे प्रस्तावाच्या छाननीत पहिल्यांदा कापले जातात. म्हणून ‘आकस्मिक’ असे मोघम न लिहिता “परीक्षणानंतर बदलायच्या भागांचे फेरचित्रीकरण, जास्तीत जास्त चार भाग” असे कामाच्या नावाने लिहावे.

संहितेचे तीन लाख सगळे शिक्षकांच्या खिशात जात नाहीत, आणि जाऊही नयेत. सहाशे तासांचे लेखन चौघांत वाटले तर प्रत्येकी दीडशे तास येतात. आठवड्याला चार तासिका कमी केल्या, तर हे तास 38 आठवड्यांत, म्हणजे जवळजवळ पूर्ण शैक्षणिक वर्षात मिळतात. त्या तासिका अतिथी विद्वानांकडे, म्हणजे मानधनावरच्या शिक्षकांकडे द्यायच्या आणि त्यांचे मानधन खर्चाच्या याच शीर्षाखाली दाखवायचे. प्राचार्यांचा तसा लेखी आदेश प्रस्तावाला जोडलेला असला तर हे चालते. तोंडी सांगितलेली सवलत दिवाळीनंतर कुणालाच आठवत नाही.

वाहिनीची भूक

पैसा कॅमेऱ्याकडे वळण्यामागे दुसरेही कारण आहे, आणि ते प्रसारणाच्या रचनेतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झाला, तेव्हा दिवसातला थोडा वेळ मिळत होता आणि कार्यक्रम अभ्यासक्रमाला पूरक असत. त्यासाठी विद्यापीठांत निर्मिती केंद्रे निघाली. 1993 मध्ये त्यांना एकत्र बांधणारे कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन, म्हणजे सीईसी, आले. देवी अहिल्या विश्वविद्यालयातले माध्यम केंद्र याच जाळ्यातले. पुढे 2000 मध्ये ज्ञानदर्शन ही शैक्षणिक वाहिनी, 2004 मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह, आणि 9 जुलै 2017 रोजी 32 शैक्षणिक वाहिन्यांसह स्वयंप्रभा.

स्वयंप्रभाची रीत अशी की वाहिनीवर रोज किमान चार तास नवा मजकूर यावा आणि तो दिवसात आणखी पाच वेळा दाखवावा. चार तास म्हणजे अर्ध्या तासाचे आठ भाग. वर्षभर राबून केलेली वीस भागांची मालिका अशा वाहिनीला अडीच दिवस पुरते. एका वाहिनीला वर्षाला 1460 तास नवा मजकूर लागतो. तो भरायचा तर खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकांचे व्याख्यान चित्रित करणे हाच स्वस्त आणि जलद मार्ग उरतो. त्यात गैर काही नाही, चांगले व्याख्यान चांगलेच असते. पण महाविद्यालयाने त्या भुकेशी स्पर्धा करू नये. वीस भाग असे करावेत की ते प्रसारणानंतरही पाच-सात वर्षे वर्गात लावता येतील. भाग कमी करून बारा केले तरी चालेल. दर्जा उतरवून चाळीस करू नयेत.

प्रेक्षक मिळतो तो श्रेयांकामुळे (क्रेडिटमुळे). आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयंम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेता येतात. आधी ही मर्यादा 20 टक्के होती. स्वयंमच्या अभ्यासक्रमाला चार अंगे लागतात: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वमूल्यांकन आणि चर्चा. म्हणून प्रत्येक संहितेबरोबरच आठ-दहा पानांचे वाचन आणि दहा प्रश्न त्याच लेखकाकडून घ्यावेत. नंतर मागितले तर दुसरेच कुणी घाईने लिहून देते आणि चित्रफितीत नसलेल्या गोष्टींवर प्रश्न येतात.

ढिगाचे वेळापत्रक आणि अनुदानाचे वेळापत्रक

या प्रकरणातली सर्वांत अवघड गाठ येथे आहे. इंदूर पद्धतीत पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लागतात. साधारण पंधरा दिवसांनी पहिली पालट (ढीग खालीवर उलटणे), महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांनी खत तयार. दाखवायचे आहे ते हेच, आणि ते स्टुडिओत दाखवता येत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर रचायचा. खड्डा कोरड्या ऋतूतला. माळव्यात पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, सोयाबीन निघते, आणि खड्डा भरायला ऑक्टोबरचा पहिला आठवडा उत्तम. पाच ऑक्टोबरला भरला तर पालट 20 ऑक्टोबर, 5 नोव्हेंबर, 5 डिसेंबर, आणि तयार खत 5 जानेवारीला.

अनुदानाचा पहिला हप्ता मात्र डिसेंबरात आला तर? मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च अनुदानात दाखवता येत नाही. डिसेंबरअखेर ढीग रचून मार्चपर्यंत चालवता येतो, पण उन्हाचा ताप वाढत जातो, पाणी जास्त लागते आणि चित्रात दिसते ती कोरडी, धुळकट अवस्था. शिवाय 31 मार्चच्या आत खर्च दाखवण्याची घाई. उपाय एकच व्यवहार्य दिसतो: संस्थेच्या कार्यकारिणीने सप्टेंबरात ठराव करून ढिगाचा आणि त्याच्या चित्रीकरणाचा खर्च स्वतःच्या निधीतून मंजूर करावा आणि प्रस्तावात तो ‘संस्थेचे योगदान’ म्हणून दाखवावा. बाहेरच्या आठ दिवसांपैकी पाच दिवस ढिगाचे: रचणे, तीन पालटी, खत बाहेर काढणे. दिवसाला 18,000 धरले तर नव्वद हजार, अधिक मजुरी आणि साहित्य. पहिला हप्ता वेळेवर आलाच तर ही रक्कम मूळ वाटपात आहेच; उशिरा आला तर संस्थेच्या पैशाने ऋतू साधतो आणि अनुदानातले मोकळे झालेले नव्वद हजार, शीर्ष बदलाची लेखी परवानगी घेऊन, आकृत्यांकडे वळवता येतात.

दुसरी पालट बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते. त्या दिवशी कोण हजर राहणार त्याचे नाव सप्टेंबरातच लिहून ठेवावे. पालट आठ दिवस पुढे ढकलली तर ढिगाचे तापमान उतरलेले असते, आणि तापमापी खुपसून आत साठ अंशांच्या वर गेलेली उष्णता दाखवण्याची संधी जाते.

चित्रीकरणाची पथ्ये साधी आहेत. पहिल्या दिवशी तिपाईच्या तिन्ही पायांखाली जमिनीत खुंट्या ठोकाव्यात, लेन्सचा आकडा आणि कॅमेऱ्याची उंची लिहून घ्यावी, आणि दर वेळी सकाळी आठलाच चित्रण करावे. मग पाचही दिवसांची चित्रे एकावर एक विरघळवता येतात आणि ढीग खाली बसताना दिसतो. कपाशीच्या पऱ्हाट्या निमाडातून आणाव्या लागतील. त्या न चेचता टाकल्या तर तीन महिन्यांत कुजत नाहीत. हॉवर्ड यांच्या काळात त्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचत असत. आज ट्रॅक्टर चालतो, आणि हे दृश्य मालिकेतल्या चांगल्या दृश्यांपैकी एक ठरेल.

संहिता दोन भाषांची

संहिता दोन रकान्यांत लिहावी: डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. उजवा रकाना भरलेला आणि डावा सलग दोन मिनिटे कोरा असेल, तर तो भाग रेडिओचा आहे. मिनिटाला 120 शब्द धरले तर 28 मिनिटांना 3360 शब्द होतात. प्रत्यक्षात 2600 च्या वर जाऊ नये, कारण थर रचताना, पाणी शिंपडताना चित्राला एकटे बोलू द्यावे लागते. शिक्षकांचा पहिला मसुदा पाच हजार शब्दांचा येतो. तो कापायला बसावे लागते, आणि संहितेच्या तीस तासांतले दहा तरी तेथे जातात.

मराठी आवृत्ती हिंदी आवाजावर दुसरा आवाज चढवून केली तर ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत असे होते, आणि जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी दुसऱ्या मिनिटाला उठतो. इंदूरला येथे मोठी सोय आहे: शिक्षक दोन्ही भाषा सारख्याच सहज बोलतात. म्हणून शिक्षक पडद्यावर दिसतात ती चार-पाच मिनिटे दोनदा चित्रित करावीत, एकदा हिंदीत आणि लगेच, तेच कपडे, तोच दिवा ठेवून मराठीत. बाकीची 23 मिनिटे चित्रांवरच्या निवेदनाची, तेथे फक्त आवाज बदलतो. त्यासाठी संपादनात हिंदी निवेदन, मराठी निवेदन आणि नैसर्गिक ध्वनी वेगवेगळ्या ट्रॅकवर राहिले पाहिजेत. संपादकाने हिंदी आवाज आणि फावड्याचा आवाज एकत्र मिसळून दिला की मराठी आवृत्तीत फावडे मुके होते आणि सगळे पुन्हा बांधावे लागते. स्टुडिओच्या तीन तासांत ही दुबार मिनिटे धरलेली आहेत. मराठी मजकूर हिंदी वाक्यांवरून ओढून काढू नये; दृश्याचा रकाना समोर ठेवून नव्याने लिहावा. चौघा लेखकांनी दीडशे-दोनशे तांत्रिक शब्दांची यादी आधी ठरवून सह्या करून ठेवावी, नाहीतर एकाच मालिकेत एका गोष्टीला तीन नावे पडतात.

अक्षरांचा त्रास खास मध्य प्रदेशातला. शिक्षकांची जुनी टिपणे कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात; ती आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की चिन्हांचा कचरा दिसतो. सगळा मजकूर सुरुवातीलाच युनिकोडमध्ये आणावा आणि रूपांतरानंतर माणसाने वाचावा. हिंदी टंकलेखनाचा हात बसलेला माणूस ‘ळ’च्या जागी ‘ल’ टाकतो आणि ‘ऱ्या’ मोडतो. आकृतीत एका पडद्यावर पाच ओळींच्या वर मजकूर नको आणि कडांपासून दहा टक्के जागा मोकळी सोडावी. जुन्या टीव्हीवर कडा कापल्या जातात.

चित्रमुद्रणात काय बिघडते

आपल्याकडे प्रसारण सेकंदाला 25 चौकटींचे (फ्रेमचे). एखाद्या शिक्षकाने मोबाइलवर घेतलेले 30 चौकटींचे चित्रण मध्ये जोडले की हालचाल अडखळते. वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावा; इतर वेगांवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे पट्टे मारतात. हिरवा पडदा वापरायचाच असेल तर माणूस पडद्यापासून दोन मीटर पुढे हवा, नाहीतर मानेवर आणि पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते.

चित्र थोडे फिके असले तरी लोक पाहतात. आवाज वाईट असला तर पाहत नाहीत. हार्ड डिस्क सोडता खरेदीचे सगळे पैसे ध्वनीला दिले ते याचसाठी. कॉलर मायक्रोफोन हनुवटीखाली 15 ते 20 सेंटिमीटरवर, पदर आणि दागिन्यांपासून दूर. पंखा बंद, एसी बंद. एप्रिलमध्ये हे शक्य होत नाही, म्हणून स्टुडिओचे दहा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत. ध्वनीमुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. बोलण्याची शिखरे उणे 12 डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागेवर अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी, कापलेल्या वाक्यांमधल्या फटी तिनेच भरतात. अंतिम फीत देताना ध्वनिपातळीची अट प्रसारकाकडून लेखी घ्यावी. युरोपीय प्रसारणातला प्रघात उणे 23 एलयूएफएसचा (हे ध्वनिपातळीचे एकक) आहे.

साठवणुकीचा हिशेब कुणी करत नाही. सेकंदाला 50 मेगाबिटने चित्रण केले तर तासाला 22.5 गिगाबाइट. स्टुडिओत दहा दिवस, रोज प्रत्यक्ष तीन तास, दोन कॅमेरे: 60 तासांचे 1350 गिगाबाइट. बाहेर आठ दिवस, रोज दोन तास, एक कॅमेरा: 360. एकूण 1.71 टेराबाइट, आणि तीन प्रती म्हणजे पाचाच्या थोडे वर. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत.

हक्क आणि हप्ते

वर्गात शिकवताना दुसऱ्याचे साहित्य वापरण्याची जी सवलत 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(i) मध्ये आहे, तिच्यावर देशभरच्या प्रसारणासाठी विसंबू नये. वर्गातल्या स्लाइडवर चालून गेलेले परदेशी पुस्तकातले छायाचित्र येथे परवानगीशिवाय घालू नये. हॉवर्ड यांचे स्वतःचे लेखन मात्र मोकळे आहे: ते 1947 मध्ये वारले, भारतात मुदत मृत्यूनंतर साठ वर्षांची, ती 2007 अखेर संपली. त्यांच्या आकृत्या त्यांनी एकट्याने लिहिलेल्या पुस्तकांतून घ्याव्यात, नंतरच्या कुणी पुन्हा काढलेल्या आवृत्तीतून नव्हे.

शिक्षक, निवेदक आणि आकृतीकार यांच्याशी लेखी हस्तांतरण हवे. कलम 19 प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एका ओळीच्या संमतिपत्रावर काम भागवलेल्या मालिका सहाव्या वर्षी अशा अडचणीत येतात की लेखक निवृत्त झालेले असतात आणि हक्क कुणाकडे ते कुणालाच सांगता येत नाही. उपग्रह, डीटीएच, इंटरनेट, वर्गातले प्रदर्शन आणि भाषांतर, सगळ्यांची नावे करारात घालावीत.

पैसे तीन हप्त्यांत धरले आहेत: नऊ लाख, 5,40,000 आणि शेवटचे 3,60,000. मधला हप्ता हवा तर पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात जाते. अनुदानावर मिळालेले बँकेचे व्याज त्यात दाखवून परत करावे लागते, म्हणून खाते पहिल्या दिवसापासून वेगळे हवे. शेवटचा हप्ता मालिका सुपूर्द झाल्यावर मिळतो, पण संपादक आणि उपशीर्षकांची बिले त्याच्या आधीची असतात. ही 3,60,000 ची फट संस्थेने उसनवारीच्या ठरावाने आधीच बुजवून ठेवावी. ठराव नसेल तर संपादक पंधराव्या भागावर थांबतो, आणि मालिका सुपूर्द न झाल्यामुळे हप्ताही थांबतो.

सगळे भाग एकदम चित्रित करू नयेत. पहिले दोन पूर्ण करून तीस विद्यार्थ्यांना दाखवावेत, पंधरा हिंदीत आणि पंधरा मराठीत, शिक्षकाविना. नंतर त्यांना ढीग कसा रचायचा ते कागदावर क्रमाने लिहायला सांगावे आणि कुठली पायरी सुटली ते मोजावे. बहुधा कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तराशी गाडी अडते: सुरुवातीला 30:1 च्या आसपास का हवे, हे आकड्याने सांगून पोचत नाही, पऱ्हाटी आणि शेण तराजूच्या दोन पारड्यांत दाखवावे लागते. ही चाचणी मार्चमध्ये घेतली तर उरलेल्या अठरा संहिता उन्हाळ्यात सुधारता येतात. त्यासाठी स्टुडिओच्या दहा दिवसांतला एकच दिवस पहिल्या हिवाळ्यात वापरावा आणि नऊ दिवस पुढच्या जानेवारीसाठी ठेवावेत. मुदत एका वर्षाची असेल तर प्रस्तावातच अठरा महिने मागावेत; मंजुरीनंतर मुदतवाढ मागण्यापेक्षा ते सोपे पडते.